शेजारून पळणारा मामा

"ढोर आहे का रे ती, दोरीला बांधून पळवायला?"

ताईचा आवाज असा चढला, की वरच्या मजल्यावरच्या बाईनं भांड्यांवरचा नळ बंद केला. भांडण नीट ऐकायचं तर नळ बंदच करावा लागतो. खाली ताई आणि तिचा धाकटा भाऊ हमरीतुमरीवर आले होते, आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती ताईची पोर मधल्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत बसली होती.

"अगं ताई, दोरी म्हणजे काय दावं आहे का? वीतभर तर असते. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या."

"आणि डोळ्यांवर पट्टी? जो काय थोडा उजेड कळतोय पोरीला, तोही झाकायचा? कुठल्या शहाण्यानं काढला हा नियम?"

"सगळ्यांनाच पट्टी असते. कुणाला अंधूक उजेड कळतो, कुणाला तोही नाही. मग शर्यत सारखी कशी करणार? सगळ्यांनाच अंधार. झाली फिट्टंफाट."

"तुझं काय जातंय फिट्टंफाट म्हणायला!"

"माझे पाय जाणार आहेत. तिच्या बरोबरीनं मलाच पळायचंय ना."

तेवढ्यात आतून पोरीचा आवाज आला, "तुमचं झालं असेल तर निघूया का? उशीर होतोय."

ताई रडायची ती रडलीच. पण दार तिनंच उघडून दिलं आणि पाण्याची बाटलीही तिनंच भरून दिली.

हा जो भाऊ, त्याला सगळं जग मामा म्हणायचं. तो खिडक्यांना काचा बसवायचा. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुकानात काचा उभ्या करून ठेवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये हा अंग चोरून फिरायचा. बोटांना कायम कुठेतरी चिंधी बांधलेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काचेच्या दुकानात भांडण परवडत नाही हो." ताईचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मामा तिच्याकडेच राहायला आला आणि भाचीला अर्धी ताईनं मोठी केली, अर्धी त्यानं, खांद्यावर घेऊन. तरुणपणी मामा स्वतः पळायचा. शंभर मीटर. कायम तिसरा यायचा, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता, कारण चौथा कधी आला नाही.

भाचीची नजर लहानपणापासून अधू. तरी ती पळायची, ट्रॅकवरची पांढरी रेघ धरून, एकटीच. अशांच्या शर्यतींमध्ये वर्ग असतात. शाळेत वर्ग वयाचे, इथे शरीराचे. ज्याचा एक हात नाही त्यानं हात नसलेल्यांबरोबर पळायचं, ज्याला पायाच्या जागी वाकडी पाती लावलीय त्यानं पातीवाल्यांबरोबर, ज्याचे स्नायू ऐकत नाहीत त्यानं तसल्यांबरोबर. अंधूक दिसणाऱ्यांचा वर्ग निराळा, अजिबात न दिसणाऱ्यांचा निराळा. दर वर्षी डॉक्टर बसतात, डोळे तपासतात आणि वर्ग ठरवतात. त्या वर्षी भाचीला समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नाही. ती म्हणाली, "पाटी लावलीय का अजून?" डॉक्टरांनी वर्ग बदलला. आता पट्टी आली, आणि शेजारून पळणारा माणूस आला. त्याला गाईड म्हणतात.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन मामा म्हणाला, "अभिनंदन, राणीसरकार. आता तुम्हाला नोकर मिळाला."

"पगार मागू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली.

पहिले काही दिवस दोघांचे पाय एकमेकांत अडकायचे. दोघंही पडायचे. ताई संध्याकाळी दोघांच्या गुडघ्यांना औषध लावायची आणि तोंडानं आणखी जहाल औषध द्यायची. मग एक दिवस मामाच्या डोक्यात उजेड पडला. मोठी काच दोघांनी उचलायची तर काय करतात? पुढच्यानं ओढायचं नाही, मागच्यानं ढकलायचं नाही, पाऊल एकदम टाकायचं. एकानं जरा घाई केली की काच गेली. त्यानं भाचीला दुकानात आणलं, एक जुनी काच तिच्या हातात दिली, दुसरी बाजू आपण धरली, आणि दोघं गल्लीतून वर-खाली करत बसले. शेजारपाजारचे बघायचे. गिऱ्हाईक खोळंबायचं. पण पाय जुळले. नियमही तोच होता, गाईडनं ओढायचं नाही. आणि आणखी एक नियम होता, जो मामाला तोंडपाठ होता: रेघ आधी तिनं ओलांडायची, त्यानं नंतर. गाईड पुढे गेला की दोघंही बाद.

तोंडपाठ असून काय उपयोग! पहिल्या मोठ्या शर्यतीत दोघं वाऱ्यासारखे सुटले. सगळ्यांच्या पुढे. रेघ आली. आणि रेघ दिसताच मामाच्या अंगातला तो जुना तिसऱ्या नंबरचा पळणारा जागा झाला. त्यानं डोकं खाली घालून छाती पुढे झोकली, तरुणपणी झोकायचा तशी. पहिला आला, आयुष्यात पहिल्यांदा! भाची दुसरी. दोघंही बाद.

"जिंकलो ना रे?" भाची धापा टाकत विचारत होती. पट्टी अजून डोळ्यांवर होती.

"मामा? अरे बोल ना."

"मी जिंकलो गं," तो म्हणाला. "मेलो मी. मीच जिंकलो."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग परत हसली. मामा मात्र हसला नाही. तो आठवडाभर नीट जेवला नाही. ताईनं तोंडसुख घ्यायची इतकी चांगली संधी सोडून दिली, यावरूनच काय ते समजा.

त्यानंतर त्यानं ध्यास घेतला. रेघेपाशी पोचलं की अंग मागे धरायचं. पण भाची वाढत होती. ती जोरात पळायला लागली होती आणि मामाचं वय काही उलट चाललं नव्हतं. पळून झालं की तो कंबरेवर हात ठेवून वाकायचा आणि त्याच्या छातीतून भात्यासारखा आवाज यायचा. भाचीला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

पुढे गंमत झाली. काही महिन्यांनी मामाला दम लागेनासा झाला. पळून झालं तरी हा गप्पा मारत उभा! घरी येऊन ताईला म्हणाला, "बघ, शरीर कमावलंय. तुझ्या हातचं खाऊनसुद्धा."

"पोटाकडे बघ आधी."

"पोट राहू दे. छाती बघ. आज धाप नाही लागली. मी उलटा तरुण होतोय, ताई."

भाची ताटात मान घालून मुकाट जेवत होती. मैदानावरचे सर घड्याळ बघायचे, मग भाचीच्या तोंडाकडे बघायचे आणि घड्याळ खिशात टाकायचे. निवड चाचणी जवळ आली होती. दोघीजणींनाच पुढे मोठ्या स्पर्धेला नेणार होते. भाचीनं त्यासाठी बाकी सगळं सोडलं होतं, आणि घड्याळातली वेळ काही केल्या सुधारत नव्हती.

मग एक दिवस दुकानात मामाचा अंगठा कापला. चांगलाच. दवाखान्यात टाके घालून तो मैदानावर पोचला तेव्हा उशीर झाला होता. सरांनी भाचीला दुसऱ्याच एका बाईबरोबर पळायला लावलं होतं. ती बाई अग्निशमन दलात कामाला होती, शिड्या चढणारी, उंच आणि काटक. मैदानावर तिला बंबवाली म्हणत. मामा कुंपणापाशी उभा राहिला.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं भाचीबरोबर पळतोय, पण दोरी धरल्यापासून तिला पळताना आपण पाहिलेलंच नाही. शेजारून पळणाऱ्याला काय दिसतं? एक खांदा, एक हात, बाकी सगळी समोरची रेघ.

सरांची शिट्टी वाजली. आणि मामाच्या समोरून कुणीतरी गेलं. ती आपली भाची आहे, हे कळेपर्यंत ती गेलीसुद्धा. डोळ्यांवर पट्टी, मान ताठ, आणि पाय जमिनीला नुसते शिवत होते. ही पोर असली पळते? मग रोज आपल्या शेजारी जी पळते ती कोण?

त्याला धाप का लागत नव्हती, हे त्याला तिथे कुंपणाला धरून उभं असताना कळलं.

परत येताना बसमध्ये भाचीनं विचारलं,

"फार दुखतंय का रे अंगठा?"

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"माझ्यासाठी हळू पळतेस ते."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला बाहेरचं काही दिसत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. "तुझ्या छातीतून आवाज यायचा," ती शेवटी म्हणाली. "मला भीती वाटायची."

"मग सांगायचं नाही? मी आपला वेड्यासारखा ताईपुढे छाती काढून फिरतोय!"

"ते फार छान वाटत होतं ऐकायला."

"गप्प बस. उद्यापासून बंबवालीबरोबर पळायचं."

"मुळीच नाही. तुझ्याबरोबर नाही तर पळायचंच नाही."

"मग नको पळू. चाचणीला जाऊन मीच एकटा पळतो, पट्टी बांधून. तसाही मला पुढे जायचा नाद आहे."

तिला हसू आलं, पण तिनं दाबलं. ती हट्टाला पेटली की ताईचीच मुलगी असायची. मामा मग हळूच म्हणाला, "हे बघ बाळा, दोरी धरल्यापासून आज मी तुला पहिल्यांदा पळताना पाहिलं. कुंपणाबाहेरून. मला ते आणखी बघायचंय. शेजारून काही दिसत नाही गं."

उतरताना नेहमीसारखा भाचीनं त्याचा कोपर धरला आणि म्हणाली, "यापुढे लपवायचं नाही. तू दमलास तर तू सांगायचंस. मी दमले तर मी."

"कबूल."

चाचणीच्या दिवशी ताई आलीच नाही. तिला बघवणार नव्हतं. पण राहवतही नव्हतं, म्हणून ती घरून मामाला फोन करत बसली. बंबवालीनं दोरी हातात घेतली. तिनं आदल्या दिवशीच मामाला विचारून घेतलं होतं, "मामा, तिला काय काय सांगायचं असतं?"

"काही सांगू नका. ती तोंड चालवेल, तुम्ही फक्त पाय चालवा. आणि रेघेपाशी शहाणपण करू नका, मी केलं तसं."

शिट्टी, मग पिस्तुलाचा आवाज, मग सगळ्या सुटल्या. दोघी दोघींच्या जोड्या, प्रत्येक जोडीला दोन दोन लेन. मामानं कुंपण इतकं घट्ट धरलं होतं की अंगठ्याचे टाके उसवले. भाची दुसरी आली. बंबवाली तिच्या पाठोपाठ, बरोबर एक पाऊल मागे. दोघीजणींना नेणार होते, म्हणजे निवड झाली.

फोनमधून ताई ओरडत होती, "अरे, काय झालं? मेल्या, काय झालं ते सांगशील का? हॅलो!"

मामानं नुसतं भाचीकडे बोट दाखवलं. शेजारच्या कुणा अनोळखी माणसानं फोन त्याच्या हातातून घेतला आणि सांगितलं, "बाई, तुमची मुलगी निवडली गेली. आणि हे गृहस्थ रडतायत." ताई म्हणाली, "रडू द्या त्याला. तेवढंच येतं त्याला चांगलं."

भाची पुढे खूप वर्षं पळाली, कधी जिंकली, कधी हरली. बंबवालीची आणि तिची जोडी जमली ती जमलीच. आणि मामानं दोरी सोडली तरी कोपर सोडला नाही. घरापासून मैदानाच्या फाटकापर्यंत तिला पोचवायचं काम त्याचंच. रस्ताभर त्याचं तोंड चालू. "डावीकडे खड्डा, उजवीकडे पहिल्या मजल्यावरची शेजारीण. दोन्ही टाळ." भाचीनं पळणं थांबवलं आणि लहान मुलींना शिकवायला लागली, तरी तो पोचवायचा. "मी एकटी जाऊ शकते," ती म्हणायची. "मी एकटा येऊ शकत नाही," तो म्हणायचा. हळूहळू त्याची चाल मंदावली. पण ठरल्याप्रमाणे दोघंही लपवत नव्हते. दमला की सांगायचा, आणि ती थांबायची.

मामा गेला त्या दिवशी सकाळीही दोघं निघाले. हवा गार होती. वाण्याच्या दुकानापाशी तो म्हणाला, "थांब गं जरा. दमलो."

ती थांबली. तो भिंतीला टेकला. वाण्यानं आत ये म्हटलं, तर म्हणाला, "नको, सरकारना उशीर होतो." मग पुन्हा चालू लागले. वळणावर पालिकेनं पुन्हा खणून ठेवलं होतं, तर त्यावरून त्यानं पालिकेचा यथेच्छ उद्धार केला आणि तिला फळीवरून पलीकडे नेलं. फाटकाशी बंबवाली उभीच होती. आता तिचेही केस पिकले होते.

"आणली," मामा म्हणाला, तो रोजच म्हणायचा तसं.

"मामा, बसा थोडा वेळ. पाणी तरी घ्या."

"नको. एक काच बसवायचीय, गिऱ्हाईक वाट बघतंय." त्यानं भाचीचा हात आपल्या कोपरावरून सोडवून बंबवालीच्या कोपरावर ठेवला, आणि दुकानाकडे वळला.