परत आणलेला बेल

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी महादेवाला बेल वाहिला नाही. देवळात गेले, तांब्यातलं पाणी पिंडीवर ओतलं आणि ताटातली बेलपानं तशीच पदरात बांधून घरी घेऊन आले. देवाशी असं रुसून वागणारी आमच्या घरातली मी पहिलीच असेन. कारण एकच होतं. अकरा दिवस झाले होते आणि ह्यांचा फोन नव्हता. हे फौजेत आहेत. "चार-पाच दिवस फोन लागनार नाई, वरती चाललो," एवढंच सांगून गेले होते. वरती म्हणजे कुठे, हे फौजीची बायको विचारत नाही. जेवलात का, थंडी किती आहे, एवढं विचारायचं आणि आवाजावरून बाकीचं ओळखायचं, ही सवय लग्नाच्या बारा वर्षांत होऊन गेली आहे. पण आवाजच आला नाही तर ओळखायचं कशावरून?

आमचं गाव आर्वीच्या रस्त्यावर, कपाशी आणि सोयाबीनच्या मधोमध. घरात मी, तिसरीत शिकणारी चिमी आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते. त्यांचं खुब्याचं हाड गेल्या वर्षी मोडलं, तेव्हापासून ते काठी घेऊन अंगणापर्यंतच चालतात. पहाटे गोठा झाडायचा, बैलांना कुटार आणि ढेप द्यायची, मामाजींच्या गोळ्या, चिमीचा डबा, मग शेत. शाळेच्या सभेला मीच, बँकेत मीच, फवारणीच्या दिवशी मजुरांशी वाद घालायलाही मीच. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही. देशाची एक बाजू हे सांभाळतात, त्यांची एक बाजू मी सांभाळते, असं मी चिमीला सांगते तेव्हा माझी मान जरा ताठच होते.

गावात आता ट्रॅक्टर झाले, बैलजोड्या थोड्याच उरल्या. आम्हालाही पुष्कळांनी विकायचा सल्ला दिला. पण राजा आणि सोन्या ह्यांचे फार लाडके. राजा शांत, सोन्या म्हणजे नुसता वारा. दर पोळ्याला हे सुट्टी जुळवून आणायचे आणि जोडी स्वतः गावाच्या मैदानात बांधलेल्या तोरणाखालून न्यायचे. यंदा सुट्टी नव्हती. जाण्याआधी म्हणाले होते, "मी नसलो तरी जोडी तोरणाखालून गेली पायजे." आपल्या घरच्या जोडीनं एकही पोळा चुकवलेला नाही, याचा मामाजींनाही मोठा ताठा.

शेजारच्यांनी सुचवलं, आमच्या गड्यासोबत पाठवून द्या. मी नाही म्हणाले. गावातली कुठली बाई बैल घेऊन पोळ्यात उभी राहिलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मामाजींना विचारलं तर त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "बाईमानसानं जाऊ नये असं काई लिहून नाई ठेवलं कोनं. पन सोन्या तुले ओढत नेईन." मी म्हटलं, "नेऊ द्या." खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात धीटपणा नव्हता, एक वेडी गाठ होती. मी महादेवाला मनातल्या मनात बजावलं होतं की जोडी सुखरूप तोरणाखालून गेली, तर हे सुखरूप आहेत असं मी समजेन. आणि नाही गेली तर? त्याच्यापुढे विचार करायची माझी छाती नव्हती. बेल परत आणणारी मी, त्याच देवाशी सौदा करत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळले. त्यांच्या कानात आवतण द्यायचं काम ह्यांचं. मी सोन्याच्या कानाशी वाकले आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," एवढं म्हणून कपाळ त्याच्या मानेला टेकवलं. ते आवतण मी बैलाला देत नव्हते, हे चिमीलाही कळलं असावं. ती गुपचूप माझ्या पदराला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुली चढवल्या, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरं बांधली. दोन हातांत दोन कासरे घेऊन मी मारोतीच्या देवळापुढच्या मैदानात गेले तेव्हा बायका पायऱ्यांवरून बघत होत्या आणि पुरुष बघून न बघितल्यासारखे करत होते. तोरणापासून वीस पावलांवर आमची जोडी उभी राहिली. तेवढ्यात कोणीतरी डीजे लावला आणि पाठोपाठ फटाक्यांची माळ. राजा नुसता कान हलवून थांबला. सोन्या मात्र उधळला. मी कासरा हाताला गुंडाळला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ओढला, तर तो दुप्पट जोरानं मागे सरकू लागला. तळहाताची साल निघाली. चार माणसं ओरडत धावली, त्यांच्या ओरडण्यानं तो आणखी बिथरला. तोरण समोर होतं आणि आम्ही मागे मागे जात होतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, गेलं, आता सगळं गेलं.

मग गर्दीतून एक म्हातारी बाई पुढे आली. पांढुरकं लुगडं, मोकळं कपाळ, काखेत कापडी पिशवी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं सोन्याच्या मानेवर सरळ हात ठेवला आणि मला म्हणाली, "कासरा ढिला सोड, पोरी."

"सोडला तं पळून जाईन तो!"

"नाई पळत. तू वढून राह्यली म्हनून तो वढून राह्यला. सोड."

ते सोडणं मला जमत नव्हतं. बोटं उघडतच नव्हती. त्या कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मी काय बांधून ठेवलं होतं ते माझं मलाच माहीत. शेवटी डोळे मिटले, "तूच बघ रे बाप्पा," म्हटलं आणि हात सैल केला. सोन्या एक झटका देऊन थांबला. त्यानं मोठा सुस्कारा टाकला आणि मान खाली घातली. म्हातारी त्याला कानाच्या मागे खाजवत राहिली.

"चाला," ती म्हणाली, तसं मागून कोणीतरी ओरडलं, "अवं बाई, तू कुठं चालली तोरनाखाली? तुह्यं काय काम तिथं?" तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि पदर कपाळावर ओढून बाजूला सरू लागली. मला त्या माणसाचा संताप आला. मी वळून म्हटलं, "येऊ द्या तिले! सोन्या तिचंच आयकून राह्यला." तिनं हात परत सोन्याच्या मानेवर ठेवला. एका बाजूनं राजा, एका बाजूनं सोन्या, त्याच्या मानेवर तिचा हात, असे आम्ही तोरणाखालून गेलो. कासरा माझ्या हातात सैल लोंबत होता. पलीकडे गेल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती निघूनही गेली होती. गावात तिच्या भाचीचं घर आहे, तिकडे गेली, असं कोणीतरी सांगितलं.

दारात चिमीनं आरती केली. मामाजी काठी टाकून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या अंगणादेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. सासऱ्यांनी सुनेला अशी शाबासकी दिलेली मी आमच्याकडे पाहिलेली नाही.

ह्यांचा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. सगळं ठीक आहे, रस्ता बंद होता, एवढंच. काऊन केला नाही फोन, असं विचारायला तोंड उघडलं होतं, पण नाही विचारलं. ह्यांनीच विचारलं, "जोडी कोनं नेली?" मी म्हटलं, "मीनं." पलीकडे नुसती खरखर झाली. मला वाटलं, लाईन गेली. मग ह्यांचा आवाज ऐकू आला, मला नाही, बरोबरच्या जवानांना उद्देशून, "अरे सुनो, मेरी घरवाली ले गई जोडी! अकेली!" मी अकेली नव्हते, हे त्यांना मी नंतर सांगितलं. आधी पदर तोंडात धरून पोटभर रडले.

त्या बाईला शोधायला मला फार फिरावं लागलं नाही. देव माणसाचं रूप घेऊन आला, असं मी म्हणत नाही. मी त्यांना आता मावशी म्हणते. पुलगावजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर आहे, अंगणात पेरूचं झाड आहे, आणि चहात त्या साखर फार घालतात. पुरणपोळ्या घेऊन मी गेले, आभार मानू लागले, तर त्यांनी मला अडवलं.

"माह्या घरचाबी फौजीच होता," मावशी म्हणाल्या. "तो तिकडं, शेत मी करो. बैल मीच हाको. तो गेला, त्याच्या दुसऱ्या वर्साच्या पोळ्याले आरतीचं ताट धरून उभी राह्यली, तं जावेनं हातातून ताट घेतलं. बैलाले हात नोको लावू म्हने. तवापासून पोळ्याच्या दिवशी मी आपल्या गावात थांबत नाई. भाचीकडं जातो, गर्दीत मांगं उभी राह्यतो." थोडं थांबून त्यांनी माझा सोललेला तळहात हातात घेतला. "यंदा देवाले म्हनलं होतं, मरायच्या आंधी एकडाव बैलाले हात लागू दे. अन् तू म्हनली, येऊ द्या तिले."

त्या दिवशी जी कृपा मी केवळ माझी समजत होते, ती त्यांच्याकडे माझ्या तोंडून गेली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी ओढत बसले असते, तर दोघींचंही राहून गेलं असतं. घरी परतताना महादेवाच्या देवळात थांबले. पदरात बांधून आणलेला बेल गोठ्याच्या कोनाड्यात वाळला होता, तो सोबत घेतलाच होता. बेल शिळा होत नाही म्हणतात. वाहिला, आणि या वेळी काही मागितलं नाही. आता फोन लांबला की जीव कासावीस होतोच, मी काही संत नाही. पण हात सैल करायची आठवण राहते.

पुढच्या पोळ्याला मावशींना मी आदल्या दिवशीच घेऊन येणार आहे. राजा माझ्याकडे, सोन्या त्यांच्याकडे, असं ठरलं आहे. ह्यांना सुट्टी मिळायची शक्यता आहे. पण फोनवर मी आधीच सांगून ठेवलं आहे, कासरे दोनच आहेत अन् ते वाटून झालेत. तुम्ही आलात तर दारात आरतीचं ताट धरून उभे राहा.