गच्चीवरची जाडी वायर

तुम्ही कधी केबलच्या ऑफिसात फोन उचलायला बसलायत का? मी बोरिवलीत सोळा वर्षं बसते आहे. किस्से गोळा करावे लागत नाहीत, तक्रारीच्या वहीत आपोआप साचतात.

आमचे लाइनमन गावडेकाका. वय छप्पन्न. तीन वायरी नुसत्या बोटांनी ओळखतात. बिल्डिंगवरून बिल्डिंगवर जाते ती जाडी, आरजी इलेव्हन. घरात टीव्हीपर्यंत येते ती आरजी सिक्स. सगळ्यांत बारीक फिफ्टी-नाइन, कॅमेऱ्यांची.

एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी कॅमेऱ्यांची उरलेली वायर गच्चीवरून थेट स्वतःच्या टीव्हीला ओढली. अर्धे चॅनल गायब! काका म्हणाले, "साहेब, हिच्यातून चोर दिसतात. सिरियल नाही दिसत."

*

एकांचा टीव्ही वडिलांच्या वर्षश्राद्धाला सकाळीच बंद पडला. काकांनी भिंत चाचपली. वडिलांच्या फोटोसाठी त्याच सकाळी ठोकलेला खिळा बरोबर वायरीतून गेला होता.

मुलगा फोटो सरळ करत म्हणाला, "बाबांना टीव्ही कधी आवडलाच नाही."

*

एका बाईंचा फोन. "गच्चीवरची तुमची वायर खाली लोंबतेय. ताणून द्या."

"ताई, चित्र दिसत नाही का?"

"कसलं चित्र? आमच्याकडे तुमचं कनेक्शनच नाही. साडी जमिनीला लागते!"

काका गेले आणि ताणून आले. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ओल्या साडीचं वजन किती असतं, माहितेय?"

*

आता सगळीकडे फायबर. काचेच्या केसासारख्या तारा जोडायचं काम काकांच्या डोळ्यांना झेपलं नाही. शेठ म्हणाले, "जुन्या लाइनवर शेवटचं गिऱ्हाईक आहे तोवर तुमची नोकरी. मग घरी आराम करा."

ते शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे त्याच साडीवाल्या बिल्डिंगमधल्या परबआजी.

मे महिन्यात आजींचा फोन आला. "झिलान वायफाय बसवल्यान. तुझी केबल बंद कर गो."

मी वहीत लिहिलं, 'मुलाने वायफाय बसवलं, केबल बंद.' अक्षर वाईट आलं. काकांनी वाचलं, कटर खिशात टाकला. मीही सोबत गेले.

गच्चीवर जाड्या वायरीवर अकरा साड्या आणि एक गोधडी वाळत होती. आजी तिथेच.

"काय करतंस रे?"

"लाइन काढतंय, आजी. तुम्हीच सांगितल्यात ना?"

"मी टीव्ही बंद कर म्हटलंय. वायर कित्याक काढतंस? लुगडी खंय घालू?"

"कनेक्शन नाय तर वायर नाय," काका म्हणाले. "आणि वायर नाय तर मी पण नाय."

 काकांनी गोधडीला हात लावून पाहिला. अजून ओली होती. "सुकांदे," म्हणाले, "उद्या कापतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ऑफिस उघडलं, तेव्हा त्या बिल्डिंगमधल्या सात बायका जुन्या केबलच्या नव्या कनेक्शनचे फॉर्म मागायला उभ्या होत्या, आणि त्यांतल्या दोघींच्या घरी टीव्ही नव्हता.