दोन बाकांच्या मधली खुर्ची

"बाई, तुमचं काम शिकवायचं होतं. ते झालं. आता बाहेर जाऊन बसा."

भरलेल्या वर्गाच्या दारात, मुलांसमोर, दिनकर मला असं म्हणाला. दिनकर आमच्या शाळेचा मुख्याध्यापक. कधीकाळी माझाच विद्यार्थी. कंस कसा सोडवायचा, हे त्याला मी शिकवलेलं. काही मुलं हसली. मला हाकललं जाताना त्यांनी पाहिलं होतं.

तुम्ही नातवंडं तिकडे दूर. फोनवर विचारता, "आजी, शाळेत जाणं का बंद केलं?" म्हणून नीट लिहिते.

दिवाळीनंतर दिनकर घरी आला होता. "बाई, आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. नसरीन म्हणून एक पोरगी आहे, लई हुशार. तुमच्याशिवाय कोण तयार करन तिले?" मला बरं वाटलं. निवृत्त माणसाला कोणी बोलावलं की बरं वाटतंच.

नसरीनचे वडील दुसरबीडच्या रस्त्यावर पंक्चर काढतात. ती शाळेच्या बसने फुकट यायची. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की ती आतलं फक्त पहिलं चिन्ह बदलायची, दुसरं तसंच ठेवायची. मी पुन्हा पुन्हा करून घेतलं. पुढे पुढे लांबलचक राशी ती दोन ओळींत सोपी करू लागली. चार पर्यायांतलं बरोबर उत्तर शोधायचं, त्याचा गोळा काळा करायचा. हात थांबायचा नाही.

पण बसायची वाकडी. कागद बाकाच्या उजव्या कडेला, खांदा आत ओढलेला.

"सरळ बस गं."

"सरनं असंच बसाले सांगतलं, बाई."

"का?"

"मांगून दिसलं पाह्यजे म्हून."

मागच्या बाकावर संस्थाचालकांचा नातू बसणार होता. लेखी पेपरात पायऱ्या उतरवाव्या लागतात. इथे नुसते गोळे. मागून सहज दिसतात. परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा. दोघांना प्रश्नसंचही एकच मिळेल, हे दिनकर बघणार होता.

सराव परीक्षेच्या दिवशी मी त्याला वर्गाच्या दाराशी गाठलं. तो गोंधळला नाही. त्याला आश्चर्य वाटलं.

"मले वाटलं, तुमाले माहीत आहे."

हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. माझ्याबद्दल त्याचा हाच समज होता.

"फुकट बस भेटते तिले, फुकट पुस्तकं भेटतात. गोळे दिसले तर तिचे मार्क थोडीच कमी होतात? संस्थेच्या साहेबांचा शब्द आहे, बाई." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते बाहेर बसायचं वाक्य.

मी बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहिले. खिडकीतून नसरीन दिसत होती. वाकडी. उजवा हात कडेला. मी शिकवलेलं एकेक उत्तर मागे जात होतं. मी तिला शिकवत नव्हते. त्या मुलासाठी तिला वापरायला तयार करत होते. फुकट. आनंदाने.

मी परत आत गेले. शिक्षकांची खुर्ची उचलली. त्या दोन बाकांच्या मध्ये ठेवली. बसले. मागच्या मुलाला आता फक्त माझी पाठ दिसत होती.

"बाई, हे शोभते काय तुमाले?"

"सरळ बस, नसरीन," मी म्हटलं.

ती लगेच बसली नाही. आधी दिनकरकडे पाहिलं. घाबरलेली होती. मग कागद ओढून छातीशी घेतला.

त्या दिवसापासून मला शाळेत प्रवेश नाही. नसरीनची फुकट बस बंद केली. तिचे वडील आता तिला स्वतः मोटारसायकलवर आणतात, माझ्या घरी. त्यांनी एकदाच विचारलं, "बाई, पोरीचं नुकसान तर नाही ना होनार?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, होऊ शकतं. ते तरीही आणतात.

केंद्र बदला, अशी लेखी तक्रार मी बुलढाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन दिली आहे. खाली माझी पूर्ण सही. काल दिनकरचा निरोप आला: तक्रार मागे घ्या, बस सुरू करतो.

मी मागे घेणार नाही. नसरीनलाच आधी विचारलं. ती म्हणाली, "नका घेऊ."