कामशातच्या खिशातला दोर

तराझ शहरात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं लागली, ज्यांच्या साठ्या झाल्या, ज्यांच्या पोरांनी पहिलं पाऊल टाकलं, त्यांतल्या निम्म्यांच्या फोटोंत मागे जे दिसतं ते कामशातच्या हातचं आहे. ती स्वतः मात्र त्यातल्या एकाही फोटोत नाही. नेपथ्य लावणाऱ्याने तिसऱ्या घंटेच्या आत विंगेत गेलं पाहिजे, हे ती नाटकघरात शिकली आणि पुढे जन्मभर पाळत आली.

नाटकघराच्या कार्यशाळेत ती बाविसाव्या वर्षी लागली. पुठ्ठ्याचे राजवाडे, गोणपाटाचे डोंगर, कागदाची सफरचंदं, सगळं तिने केलं. मग ते वाईट दिवस आले. नाटकघरातली ऊब बंद झाली, नट नाटकातलं मरणही अंगावरच्या कोटासकट मरू लागले, आणि एका वसंतात कार्यशाळेला कुलूप लागलं. घरी जाताना कामशातने जुना मखमली पडदा हातगाडीवर घालून नेला. त्याला कसर लागली होती, म्हणून कुणी अडवलं नाही.

त्याच पडद्यावर तिने पहिलं लग्न उभं केलं. शेजारच्या मुलीचं होतं. कसरीची भोकं बुजवायच्या ऐवजी तिने प्रत्येक भोकामागे एकेक बारीक दिवा टांगला. मोठे दिवे घालवल्यावर नवरीच्या मागे लालबुंद आभाळ चांदण्यांनी भरून आलं आणि मुलीचा बाप, जो कधी कुणासमोर रडला नव्हता, भाकरीचा तुकडा हातात धरून बघतच राहिला. त्या दिवसापासून शहराला कामशात लागायला लागली.

तिची पद्धत साधी होती. ज्यांच्याकडे समारंभ, त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायचा. दुधाचा, तीन-चार वाट्या, सावकाश. भिंतीवर काय आहे, पेटीवर काय रचलंय, आजोबा कशाबद्दल बोलताना हात हलवतात, ते बघायचं. मधमाश्या पाळणाऱ्याच्या मुलीसाठी तिने जुन्या वह्यांच्या कागदाचं पोळं केलं, भिंतभर, आणि त्याच्या घरांत डोंगरातली वाळलेली फुलं खोचली. रेल्वेच्या फाटकवाल्याच्या सत्तरीला टेबलाटेबलावर हिरवे-तांबडे कंदील ठेवले. म्हातारा हिरवा कंदील हातात धरून सभागृहभर फिरला. हिवाळ्यातल्या लग्नाला ती माळावर लोळत फिरणारी काटेरी झुडपं गोळा करून आणायची, घट्ट मिठाच्या गरम पाण्यात दोरीने उलटी टांगायची, आणि तीन दिवसांत प्रत्येक काट्यावर मिठाचे खडे धरायचे. दिव्याखाली ते असं लखलखायचं की लोक हात लावून बोट चाटून बघत.

तिच्या अंगावर कायम आठ खिशांचा एप्रन. टाचण्या, तार, काळा-पांढरा दोरा, मेण, खडू, फाटलेल्या बाहीसाठी सुई, रडणाऱ्या पोरासाठी वाळलेल्या दह्याची गोळी. काही अडलं की लोक म्हणायचे, “कामशात-आपांना विचारा. आपांच्या खिशात नाही असं काही नसतं.”

एक गोष्ट मात्र तिच्या हातात कधी आली नव्हती.

मूल चालायला लागलं की आमच्याकडे त्याच्या घोट्यांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोर बांधतात, आणि घरच्यांनी निवडलेलं एक माणूस तो कापतं. कापणाऱ्याचं चालणं, त्याचा गुण, त्याचं नशीब मुलाला लागतं. म्हणून लोक माणूस पारखून घेतात: पायाने चपळ, घर भरलेलं, पोराबाळांचं. कामशातला मूल नव्हतं. नवरा दहा वर्षं वाट बघून श्यमकेंतला निघून गेला. तिथे त्याला तीन झाली, आणि दोष कुणाचा याचा निकाल शहराने परस्पर लावून टाकला. असे चारशे तरी दोर तिने सजवलेल्या सभागृहांत कापले गेले असतील. कात्री तिला कुणी दिली नाही. तिनेही कधी वाट बघितली नव्हती.

वाट बघायला लावलं ते मेरुएर्तने.

मेरुएर्त एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे शिकायला आली आणि अकरा वर्षं राहिली. हाताची हलकी, तोंडाची तिखट. “आपा, तुम्ही गोणपाटाला हात लावलात की त्याला वाटतं आपण रेशीम आहोत,” म्हणायची, आणि पुढच्या वाक्यात दोन टाचण्या मागायची. तिची दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी नवरा बाहेरगावी होता, सासू रागावलेली होती. दवाखान्यात तिच्या उशाशी कामशात बसून होती.

“आपा,” भिंतीकडे तोंड करून मेरुएर्त म्हणाली, “मला कधी मूल झालं, आणि ते उभं राहिलं, तर त्याचा दोर तुम्ही कापायचा.”

“आधी हे सूप पी.”

“हो म्हणा. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.”

“हो. पी आता.”

ती तेव्हा हो म्हणाली ते सूप पोटात जावं म्हणून. पण घरी आल्यावर तिने एका मेंढपाळाकडून काळी आणि पांढरी लोकर मागवली, स्वतः कातली, स्वतः पिळली. करंगळीएवढ्या जाडीचा, मऊ, पण घसरणार नाही असा दोर. नाटकघरातली कात्री दगडावर पाजळली. दोन्ही गोष्टी एका रुमालात बांधून पेटीत ठेवल्या, आणि वर्षातून दोनदा कसर लागली नाही ना ते बघत राहिली.

पुढे फोनचे दिवस आले. नवऱ्या मुली घरी चहाला बोलवेनाशा झाल्या, फोनमधलं चित्र दाखवून म्हणायच्या, “अस्संच हवं.” मेरुएर्तने स्वतःचं दुकान काढलं. फुग्यांच्या कमानी, रंगवलेल्या गवताचे तुरे, प्लास्टिकचे गुलाब, सोनेरी अक्षरं. शहरातली चारही मोठी सभागृहं तिच्याकडे गेली. कामशातने तिला आशीर्वाद दिला, आणि स्वतःचे काठीला गुंडाळलेले कापडांचे तागेही दिले. अडलं की मेरुएर्तचा फोन येई, आणि कामशात फोनवरच सगळा समारंभ उभा करून देई. यातलं काही तिला टोचत नव्हतं. पेटीत रुमाल होता.

मग मेरुएर्तला मुलगा झाला, सांझार. आणि तेरा महिन्यांनी तो टेबलाचा पाय सोडून चार पावलं चालला.

नोव्हेंबरात मेरुएर्त मिठाईचा डबा घेऊन आली. कामशातने रुमाल काढून आधीच मांडीवर ठेवला होता.

“आपा, थीम क्रीम आणि सोनेरी ठरलीय.”

“चांगली दिसेल. पोरगा गव्हाळ आहे.”

“हो ना. पण काळा त्यात कुठेच बसत नाही. म्हणून दोराच्या जागी सॅटिनची रिबीन घेतोय. सोनेरी.”

कामशातने रुमालाची गाठ अर्धी सोडली होती. “आयुष्यात काळाही असतो म्हणून तर तो पिळतात, मेरू.”

“असतो, आपा. पण फोटोत डाग दिसतो.”

“आणि कापायला कोण?”

मेरुएर्तने डब्यातली मिठाई एका ओळीत लावली. “शारिपाबाई. सभागृहाच्या मालकीणबाई. वर्षभराच्या तारखा त्यांच्या हातात आहेत. तुम्हाला धंदा ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“रागावलात?”

“चहा गार होतोय तुझा.”

“सकाळी येऊन मागचा पडदा बघाल ना? माझ्या पोरींना चुण्या जमत नाहीत.”

रंग, तारखा. दोन्ही कारणं कामशातला पटली नाहीत, पण समजली. आयत्या वेळी नटी बदलते, हे तिने कमी वेळा पाहिलं नव्हतं. तरी समारंभाच्या सकाळी तिने रुमाल एप्रनच्या आतल्या खिशात घातला. भूमिका गेलेली नटीसुद्धा संवाद म्हणून बघते.

सजावट वाईट नव्हती, हे सांगायला हवं. कमान तोललेली होती, फुग्यांचे आकार बरोबर लहानमोठे होते. फक्त ते सभागृह कुणाचंही असू शकलं असतं. त्या घरात आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे, आई तुतीच्या झाडाखाली वाढली, यातलं काही भिंतींना माहीत नव्हतं. कामशात पडद्याच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसून चुण्या टाचत होती, तेव्हा पुढून मेरुएर्तच्या सासूचा, ओरिन्शाचा आवाज आला.

“ती म्हातारी आलीय का?”

“पडद्यासाठी बोलावलंय, सासूबाई.”

“तिचे हात सोन्याचे असतील, मी नाही कुठे म्हणते? भिंतीला लागू देत. माझ्या नातवाच्या पायाला नकोत. रिकाम्या घरची बाई. तिने कातलेला दोरही नको.”

“म्हणूनच तर रिबीन आणलीय.”

“तिला काय सांगितलंस?”

“रंगाचं सांगितलं,” मेरुएर्त म्हणाली. “रंगाचं त्यांना लगेच पटतं.”

कामशातच्या तोंडात चार टाचण्या होत्या. तिने एकेक काढून कापडात खोचली. चुण्या नीट पडल्या.

दुपारी पाहुणे आले. घोड्याच्या मांसाचे काप, तळलेल्या पिठाचे गोळे, द्राक्षं, सगळं क्रीम कापडावर. सांझारला सोनेरी टोपी घालून पांढऱ्या सतरंजीच्या टोकाला उभं केलं. ओरिन्शाने स्वतः रिबीन बांधली, मोठं फुलपाखरू काढून. शारिपाबाई कात्री घेऊन खाली वाकल्या, फोटोवाल्याने हात वर केला, आणि सांझारने, जसं तेरा महिन्यांचं कुठलंही मूल करेल तसं, पाय झाडले. सॅटिन मोज्यावरून सरकलं आणि सतरंजीवर पडलं. कात्री उघडीच राहिली. पोरगा मोकळ्या पायांनी दोन पावलं चालला आणि बुडावर बसला.

मग पाठीमागून एक म्हातारा म्हणाला, “न कापता सुटला. हे बरं नाही.”

“परत बांधा,” शारिपाबाई म्हणाल्या.

“तीच रिबीन? सुटलेली परत बांधतात का कुठे?” म्हातारा म्हणाला. “लोकर आणा. काळीपांढरी. आमच्या वेळी हे असलं नव्हतं.”

ओरिन्शाचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघताना तिची नजर भिंतीपाशी उभ्या असलेल्या एप्रनवर पडली, आणि सकाळचं सगळं विसरून ती धावत आली. “कामशात, तुझ्या खिशात नाही असं काही नसतं. लोकर आहे का गं? थोडी, वीतभर?”

तीस वर्षांत या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. कामशातचा हात सवयीने आतल्या खिशाकडे निघालाही. तिला दिसत होतं पुढचं सगळं: हा दोर कुणी कातला ते ओरिन्शा आत्ता विचारणार नाही, घेईल, वाकेल, बांधेल, शारिपाबाई कापतील, आणि ‘जरा बाजूला व्हा, आजी’ असं फोटोवाला म्हणेल.

“नाही,” ती म्हणाली. “काळं काही आणलं नाही. थीममध्ये बसत नव्हतं.”

मेरुएर्त मागेच उभी होती. तिने कामशातच्या तोंडाकडे पाहिलं, मग एप्रनच्या फुगलेल्या खिशाकडे. रुमालाचं निळं टोक बाहेर आलं होतं. तो रुमाल तिनेच एका सणाला दिलेला होता. तिला मागता आलं असतं. मागायचं तर रंगाचं कारण खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

शेवटी फोटोवाल्याने आपल्या बुटाची काळी नाडी ओढून काढली. टेबलाच्या कापडाची पांढरी झालर फाडून तिच्याबरोबर पिळली. वर्षभर रस्त्याची धूळ खाल्लेली ती नाडी सांझारच्या नव्या मोज्यांवर बांधली गेली, शारिपाबाईंनी कापली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिठाई उधळली. मोज्यावर काळपट पट्टा राहिला. पोरगा हसत हसत आईकडे गेला. त्याला कशातलं काही कळायचं कारण नव्हतं, आणि कामशातला नंतर जे लागून राहिलं ते एवढंच: वीतभर लोकर कमी पडली होती ती त्या पोराला, ओरिन्शाला नाही.

ती जेवली नाही. एप्रन न काढताच त्यावर कोट चढवून चालत घरी गेली.

आठवड्याने मेरुएर्तचा निरोप आला. त्या दिवसाचा एक शब्द नाही. “आपा, एका वैमानिकाची साठी आहे. शेतांवर फवारणी करणारं विमान चालवायचे. काही सुचतंय का?” निरोप ऐकून संपायच्या आत कामशातच्या डोळ्यांसमोर छताला पांढऱ्या मलमलीचे लांबच लांब पट्टे आले, विमानामागच्या धुरासारखे, आणि खाली टेबलांवर हिरव्या गव्हाची रोपं, कुंड्याकुंड्यांत. सुचायचं ते थांबवता येत नाही. सांगायचं थांबवता येतं. तिने फोन उलटा करून ठेवला आणि टोपली घेऊन माळावर गेली.

बर्फाच्या आधी झुडपं चांगली कोरडी असतात. एक मोठं, गोल, डौलदार झुडूप तिने वेचून आणलं. कुणाकडे समारंभ ठरला नव्हता. मोठ्या पातेल्यात मीठ विरघळवलं, विरघळेनासं होईपर्यंत घातलं. झुडूप टांगायला दोरी हवी होती. तिने रुमाल सोडला, लोकरीचा दोर झुडपाच्या बुंध्याला बांधला, घसरणार नाही अशी गाठ मारली आणि दुसरं टोक आडव्या काठीला बांधून झुडूप उलटं पाण्यात सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिने काठी उचलली. काट्याकाट्यावर खडे धरले होते. लोकर पाणी शोषते. मीठ दोरावरूनही वर चढलं होतं, पीळ झाकून टाकत, टोकापासून टोकापर्यंत. काळा कुठला आणि पांढरा कुठला ते आता ओळखू येत नव्हतं. आता तो कुणाच्याही थीममध्ये बसला असता.