बिरूतात्यांची साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. काल बाजारात भिजलेल्या घोंगडीचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची हिर्डोशीची चावडी डोळ्यांपुढे उभी राहिली.

मी तिथं नवा मास्तर होतो. डोंगरावरचं कुरण धनगरांचं की सरकारी, याची चौकशी करायला अंमलदार आले होते. धनगरांकडे कागद नव्हता. त्यांच्यातल्या, भिजलेली घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्या बिरूतात्यांनी कपाळाला भंडारा लावला आणि देवाच्या जन्मापासून ओव्या गायला सुरुवात केली.

"हद्द सांग म्हातारबा, देव नको," अंमलदार खेकसले.

"मधनंच कसं सांगू, सायेब? मेंढरू काय शेपटाकडनं वळवत्यात व्हय?"

लोक हसले. तात्या पुढे गात राहिले. अंमलदार माझ्याकडे वळले. "मास्तर, याला इतिहास म्हणायचं की गोष्ट?"

त्या ओव्यांत हद्दीवरचा एकेक ओढा, एकेक दगड क्रमानं येत होता. तात्यांबरोबर ती हद्द मी स्वतः चाललो होतो. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"कल्पित कथा आहे, साहेब."

तात्या गाता गाता थांबले. "मास्तर, तुमी तर संगं चालला व्हता न्हवं?"

महिन्याभरात कुरण बंद झालं आणि मेंढरं घेऊन ती माणसं घाट उतरून गेली.

कथेत देव आला म्हणून तिच्यातला ओढा खोटा ठरत नाही, असं मी आता वर्गात शिकवतो. तेव्हाही मला ते कळत होतं. बिरूतात्यांना एक खरी साक्ष मी अजूनही देणं लागतो.