नणंदबाईंची मुळं

लोक बागेत फुलं बघतात, मंडईत भाज्या बघतात. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, साऱ्या सृष्टीत फक्त मुळं बघतात. रोह्याच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, राहायच्या जवळच्याच वरसे गावात, आणि दर रविवारी पेणला माहेरी यायच्या त्या आम्हाला नव्हे, खाडीला भेटायला. खाऱ्या चिखलात तग धरणाऱ्या झुडपांच्या मुळांत अँटिऑक्सिडंट असणारच, ती वेगळी काढून दाखवायची, असा विषय घेऊन पन्नाशीत त्यांनी पीएच.डी. मांडली होती. साडी खोचून त्या चिखलात उतरल्या, की बांधावरून जाणाऱ्या बायका थबकायच्या.

"बाय गो, चिखलान काय हरवलाय तुजा?" एकीने विचारलं.

"काही नाही, मुळं हवीत."

"त्याची भाजी नाय होत," ती कळवळून म्हणाली आणि आपल्या टोपलीतली मूठभर कोलंबी वन्संच्या पिशवीत टाकून गेली.

धुतलेली मुळं आमच्या गच्चीत वाळायची. त्यांना सावली लागे, म्हणून माझ्या पापडांवरची चादर हळूच मुळांवर जायची. मग ती माझ्याच मिक्सरमध्ये दळली जात. त्या आठवड्यात चटणीला खाडीचा वास आला, की वन्सं म्हणायच्या, "मासे खातेसच ना? मग चटणीनेच काय पाप केलंय?"

प्रबंधाची मुदत संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मुळं पाण्यात उकळून, आटवून केलेला तपकिरी अर्क बाटलीत भरून त्यांनी आमच्या फ्रीजमध्ये ठेवला होता. सोमवारी तो प्रयोगशाळेत न्यायचा होता. ह्यांना अपचन झालं होतं. वैद्यांचा काढा समजून ह्यांनी तो सगळा पिऊन टाकला.

मोरीत रिकामी बाटली बघून वन्सं खुर्चीत बसल्याच. डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "दादा, चव कशी होती?"

"तुरट. फारच तुरट."

"मग अँटिऑक्सिडंट बरोबर उतरलं होतं, तुरटपणा त्याचाच," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, कुदळ उचलली आणि पुन्हा खाडीकडे निघाल्या.

दुसऱ्या खेपेचा अर्क तपासायला त्या आम्हा दोघांना रोह्याला घेऊन गेल्या. जांभळ्या द्रावणात त्यांनी थेंब सोडले. जांभळा रंग विरत विरत फिकट पिवळा झाला. "आहे, मुळांत आहे!" वन्सं म्हणाल्या. मला त्यातलं काही कळलं नाही, पण वन्संचा चेहरा बघून ह्यांनी खिशातला रुमाल काढला.

वन्सं डॉक्टर झाल्या, निवृत्तही झाल्या. आता गुडघे त्यांना चिखलात उतरू देत नाहीत. पण मुळं लागतातच. मग मी उतरते. त्या बांधावर उभ्या राहून सांगतात, "ओढू नकोस गो वहिनी, तुटेल. हळू खण." मी मान वर करून बघते, तर एवढ्या मोठ्या आभाळाखाली त्या अगदी लहानशा दिसतात. मग मी उगाचच थोडा जास्त वेळ खणत राहते.