आधी मामाचं बोट

मालिशच्या पार्लरमध्ये सगळे त्याला मामा म्हणतात. चाळिशी ओलांडली आहे. दुसऱ्यांच्या पाठी दाबून दाबून अंगठे वाकले आहेत, आणि त्याची स्वतःची पाठ कुणी दाबत नाही. पडद्याआड मालिशनंतर आणखी काय चालतं ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. गिऱ्हाइकाला ते ठाऊक असतं. हल्ली मामाला विचारणारे कमी. घरी थोरल्या बहिणीला एवढंच माहीत आहे की भाऊ लोकांची दुखणी काढतो. ती म्हणते, "साऱ्या जगाची काढतोस, माझा गुडघा तेवढा तुला दिसत नाही."

दवाखान्याची बाई एचआयव्हीच्या तपासणीसाठी दुपारी येते, धंदा थंड असतो तेव्हा. मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली, ती आपली पेटी उघडते. कामावरचे बाप्ये भिंतीला चिकटून उभे राहतात. कसल्या कसल्या माणसांना अंगावर घेणारे हे, पण सुई दिसली की एकमेकांना पुढे ढकलतात. म्हणून आधी मामाचं बोट. सुई टोचायची, थेंब पट्टीवर पाडायचा, आणि मामा म्हणणार, "बघा रे, मेलो का?" हसता हसता एकजण पुढे येतो. तेवढ्यात मामा आपली पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

तिच्यावर काय उमटतं ते त्यानं कधी पाहिलं नाही. सुरुवातीला त्यात विचार होता. चारचौघांत आपल्याच पट्टीवर दोन रेघा, म्हणजे लागण, दिसली, तर पुढे बोट कोण देणार? नंतर विचार गळून गेला, सवय उरली. बाईला वाटायचं, हा दवाखान्यात तपासून घेत असेल. दवाखान्याला वाटायचं, बाई तपासत असेल. मामाला काही वाटायचं नाही. वाटायलाही अंगात त्राण लागतं.

त्या दुपारी हिरो अडून बसला. तिशीतला, देखणा, आणि आजवर तपासणीला हुलकावणी देत आलेला. मामानंच त्याला कसाबसा आणून उभा केला होता. मामाचा हात डब्याकडे गेला तसं हिरोनं त्याचं मनगट धरलं.

"थांब मामा. तुझं काय ते कळू दे, मग माझं बोट."

"माझं काय बघायचंय? जुनी गाडी, चालतेय तोवर चालतेय."

"मग माझीही चालू दे की."

"तुला काड्या घालायला आजचाच दिवस सापडला?"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, मामा!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाई मात्र मामाकडे बघत होती. "मामा, तुम्ही दवाखान्यात तपासता ना?"

मामानं हातातली पट्टी मेजावर ठेवली आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मागून हिरोही टोचून घेतलेलं बोट चोखत आला.

बाईनं एकेकाला आत बोलावलं. हिरो परतला तो खाली बघत. "एकच रेघ," तो पुटपुटला, जणू काही चोरून आणलं होतं.

मग मामा गेला. बाईनं दार लोटून घेतलं.

"दोन आहेत, मामा. मोठ्या दवाखान्यात पक्की तपासणी करू. तिथंही हेच निघालं तर गोळ्या आहेत. रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होऊनच मरतो."

हे वाक्य मामाचंच. कितीजणांना त्यानं ते ऐकवलं होतं, पाठीवर हात ठेवून. आज त्यातला 'रोज' एवढाच शब्द त्याला ऐकू आला. रोज उठायचं, रोज यायचं, आणि आता हेही रोज.

तो बाहेर आला. हिरो तिथंच होता. तोंडाकडे बघून त्याला कळलं.

पुढून मालकाची हाक आली, "मामा, तुला विचारतायत!"

"आज नको म्हणून सांग," मामा म्हणाला.

हिरो सांगून आला आणि शेजारी बसला. 

"उद्या मी येतो बरोबर," हिरो म्हणाला.

"पहाटे उठावं लागतं. तुझ्यानं व्हायचं नाही."

"होईल."

मोठ्या दवाखान्यातला तो लांबलचक बाक मामाला पाठ होता. किती जणांना तो तिथं घेऊन गेला होता, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत दमून त्यांच्याच खांद्यावर झोपला होता.

"झोपू नकोस तिथं," तो म्हणाला. "माझ्याशी बोलत राहा."